सोळा डिस्क परत आल्या, त्यानंतरची गोष्ट

आमच्या भागातल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचं काम मी तीन वर्षं करत होते. पुण्यातल्या एका संस्थेची छोटी पाठ्यवृत्ती होती. काम संपलं, अहवाल लिहून झाला आणि ३ जून २०२४ ला पत्र आलं: अंतिम अहवालाच्या दोन छापील प्रती आणि सर्व ध्वनिमुद्रणं 'एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आर डिस्कवर, दोन संचांत' ३१ जुलैपर्यंत जमा करावीत. शेवटचा हप्ता त्यानंतरच.

डिस्क? २०२४ मध्ये? मी फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हार्ड डिस्क द्या, पेन ड्राइव्ह द्या, पण नियमात डिस्क आहे तर डिस्क पाहिजेच." तेव्हा चिडले होते. आता तितकी चिडत नाही, कारण आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा माझी हार्ड डिस्क कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. पहिल्या चार महिन्यांची मुद्रणं तिच्यातच होती, दुसरी प्रत नव्हती. एकदा लिहिलं की पुसता येत नाही आणि सुटी असल्यामुळे चार घरांत चार ठेवता येते, एवढे दोन गुण डिस्कमध्ये आहेत. संस्थेला दोन संच द्यायचे, एक गावातल्या वाचनालयाला आणि एक मला, असं मी ठरवलं.

हिशेब आधी सांगते, कारण तो मी उशिरा केला. माझी मुद्रणं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. म्हणजे मिनिटाला साधारण १७ एमबी. डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे साडेचार तास. मी चारच तास भरले. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरची कड सगळ्यात आधी कुरकुर करते. हाताळतानाही बोटं तिथेच लागतात. एकतीस तासांच्या आठ डिस्क झाल्या. चार संच म्हणजे बत्तीस.

पहिल्या वेळी मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण हे लिहितेय ते त्याचसाठी. बाजारात मिळाल्या त्या डिस्क अठरा रुपयाला एक अशा घेतल्या आणि झेरॉक्सवाल्याकडून गोल चिकट लेबलं छापून आणली. ती हातांनी चिकटवली. एकाला सुरकुती पडली ती नखानं सपाट केली. दोन संच, सोळा डिस्क, १९ जुलैला स्वतः जाऊन दिल्या. आवक शिक्का, पोच, सगळं झालं. परतीच्या गाडीत मी चक्क झोपले.

१२ ऑगस्टला त्रुटिपत्र आलं आणि सोबत खोक्यात सोळाच्या सोळा डिस्क. पहिली त्रुटी: चिकट लेबल चालणार नाही. दुसरी: डिस्क क्रमांक ३ वाचता येत नाही. तिसरी: लेबलावर प्रकल्प क्रमांक नाही. पत्रासोबतच्या परिशिष्टात पाचव्या मुद्द्यात हे सगळं आधीच लिहिलेलं होतं. मी पहिलं पान वाचून थांबले होते. परिशिष्ट वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, जमलं तर मोठ्यानं वाचा.

तीन नंबरची डिस्क घरच्या ड्राइव्हमध्ये घातली तर ती घरघरली, थरथरली आणि बाहेर आली ती लेबलाची एक कड उचलूनच. पावसाळी हवेत कागद फुगला होता. मग कारण शोधलं. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मध्ये असते. वर कागद चिकटवला की तो ओल घेतो, सुकताना आक्रसतो आणि चकतीला किंचित बाक आणतो. शिवाय जरा तिरका बसला तरी तोल जातो, आणि सोळा एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट, वेगाला डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. सीडीचं दुखणं वेगळं. तिच्यात माहितीचा थर लेबलाच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. जुनं लेबल सोलायला गेलात तर माहितीही सोलून निघते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं २००३ मध्ये ग्रंथालयांसाठी काढलेल्या पुस्तिकेतही हेच आहे: चिकट लेबल नको, लिहायचं तर पाण्याच्या शाईचं पेन, धरायचं ते कडेला किंवा मधल्या भोकात.

मुदतवाढीचा अर्ज साध्या कागदावर केला. कारण लिहिलं, 'तांत्रिक त्रुटी दूर करण्यासाठी'. ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत मिळाली. अर्जासोबत त्रुटिपत्राची झेरॉक्स जोडा. त्यांचा जावक क्रमांक त्यांनाच शोधायला लावलात तर आठवडा जातो.

आता हवी होती पांढऱ्या पृष्ठभागाची, थेट इंकजेट प्रिंटरवर छापता येणारी डिस्क. चिपळुणात नाही, रत्नागिरीत नाही. एका दुकानदारानं विचारलं, "ताई, लग्नाची सीडी काय? आता सगळे पेन ड्राइव्हच देतात." गणपतीत पुण्याला बहिणीकडे गेले तेव्हा तपकीर गल्लीत, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन दुपारी घालवल्या. तिसऱ्या की चौथ्या दुकानात काकांनी शिडी लावली आणि माळ्यावरून धूळ बसलेले केकबॉक्स, म्हणजे एकावर एक डिस्क रचलेले गोल डबे, काढले. मी पन्नास घ्यायला निघाले होते. बहीण म्हणाली, आधी नमुना घे. दोन प्रकारच्या पाच-पाच सुट्या घेतल्या, चारशे रुपये.

इथे मला सगळ्यात उपयोगाची गोष्ट कळली. खोक्यावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना यांचा संबंध असतोच असं नाही. खरी ओळख डिस्कवर आधीच कोरलेली असते. इमगबर्न या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कोरी डिस्क घातली की उजव्या बाजूला डिस्क आयडी दिसतो. 'सीएमसी मॅग' म्हणजे तैवानची सीएमसी मॅग्नेटिक्स, 'एमसीसी' म्हणजे मित्सुबिशी केमिकल, 'एमबीआय' म्हणजे आपली नोएडाची मोझर बेअर. हो, तीच, जिच्या २८ रुपयांच्या व्हीसीडी आपण रद्दीसारख्या घरात आणल्या. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. जाणकार ज्यांच्या नावाने अजून उसासे टाकतात ती जपानची तायो युदेन २०१५ च्या अखेरीस या धंद्यातून बाहेर पडली आणि व्हर्बॅटिम या डिस्कच्या ब्रँडचा व्यवसायही पुढे सीएमसीकडेच गेला. म्हणून इंटरनेटवरच्या दहा वर्षांपूर्वीच्या 'हाच ब्रँड घ्या' या सल्ल्यावर जाऊ नका. आज हातात आहे ती डिस्क तपासा.

माझ्या दोन नमुन्यांपैकी चकचकीत, पाणी न लागणाऱ्या पृष्ठभागाचा प्रकार दिसायला देखणा होता. पण पाचपैकी तीन डिस्कचा आयडी एक आणि दोघींचा वेगळा. दुसरा प्रकार मॅट, साधा पांढरा; पाचही एकाच कारखान्याच्या. दोन्हीवर आठ एक्सला माहिती लिहिली आणि वाचनाच्या वेगाचा आलेख काढला. मॅटचा आलेख घाट चढणाऱ्या एसटीसारखा एका लयीत वर गेला. चकचकीतवाल्या एकीचा शेवटी तीनदा खाली आपटला. ठरलं, मॅट. फोनवर काकांना सांगितलं आणि पन्नासचा केकबॉक्स बहिणीनं पाठवला, २,१५० रुपये. आल्या आल्या वरची, मधली आणि खालची अशा तीन डिस्कचा आयडी तपासला. तोच होता, हायसं वाटलं.

माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही आणि घरच्या जुन्या संगणकाचा ड्राइव्ह त्या थरथरीनंतर भरवशाचा राहिला नव्हता. बाहेरून जोडायचा रायटर १,८५० रुपयांना आला. तो यूएसबी हबला जोडू नका, थेट लॅपटॉपला जोडा. हबवर पहिल्याच दिवशी दोन डिस्क वाया गेल्या. आधी लिहायचं की आधी छापायचं, यावर मी दोन दिवस घोळ घातला. प्रिंटर कंपनीच सांगते की आधी लिहा. छापताना बोटं लागतात, धूळ बसते आणि मग लिहिताना चुका होतात. शिवाय लिहिणं फसलं तर छपाईचे पैसे तरी जात नाहीत. डिस्क सोळा एक्सची होती, मी आठनं लिहिली. लिहून झाल्यावर पडताळणी, आणि प्रत्येक डिस्कमध्ये चेकसमची, म्हणजे मुद्रण नंतर बिघडलं तर ते पकडून देणाऱ्या आकड्यांची, एक छोटी फाइल. एकीला वीस मिनिटं. बत्तीस डिस्कना चार संध्याकाळी गेल्या. लिहून झालेल्या डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या पेनानं नंबर घातला. हे विसरलात तर सगळ्या पांढऱ्याशुभ्र डिस्क सारख्याच दिसतात आणि मग बसा एकेक घालून बघत.

छपाईला प्रिंटर कुठून आणायचा, हा प्रश्न भलत्याच ठिकाणी सुटला. आमच्या सेवा केंद्रात रेशनकार्डाच्या कामाला गेले होते. तिथे दादा प्लास्टिकचं आधार कार्ड छापत होता, एप्सन एल८०५ वर. कार्डांचा ट्रे प्रिंटरच्या पोटात सरकताना बघितला आणि विचारलं, "दादा, याला सीडीचा ट्रे येतो ना?" त्यानं टेबलाखालच्या खोक्यातून तो काढला. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. "आजवर कुणी मागितलाच नाही," म्हणाला. वीस रुपयाला एक ठरलं. फसलेल्या पहिल्या दोघींचे त्यानं घेतले नाहीत.

त्या दोन फसल्या त्या अशा. लेबल त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं तर 'ओव्या'तला 'व्या' तुटून 'व' आणि 'या' वेगळे झाले. दुसऱ्या वेळी अक्षरं बरोबर आली, पण चित्र दीड मिलिमीटर डावीकडे सरकलं आणि भोकाच्या कडेला शाईची चंद्रकोर उमटली. घरी जाऊन लेबल चित्र म्हणूनच बनवलं: १२० मिलिमीटर, ३०० डीपीआय, म्हणजे १४१७ पिक्सेलचा चौकोन. आतला व्यास २३, बाहेरचा ११७ मिलिमीटर ठेवला. माझ्या खोक्यावर छापता येणारा भाग २२ ते ११८ लिहिला होता. दोन्हीकडे थोडी जागा सोडली की शाई कडेवरून ओघळत नाही. पार्श्वभूमीला जात्याचा झक्क फोटो टाकायची फार इच्छा होती. नमुन्याच्या डिस्कवर टाकलाही. दुसऱ्या दिवशीसुद्धा तो भाग बोटाला चिकट लागत होता. मग फोटो काढला आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवली, वर गावाचं नाव तेवढं तपकिरी. शाई जितकी कमी तितकी लवकर सुकते. मजकूर: प्रकल्प क्रमांक, गावं, मुद्रणाचा काळ, '८ पैकी ३', आणि खाली लहान अक्षरांत ओव्या गाणाऱ्यांची नावं. नावं परिशिष्टात मागितलेली नव्हती.

सुकवणं चोवीस तास, घरात, सावलीत. हे मी आईला सांगायला विसरले. दुपारी शाळेतून आले तर आठ डिस्क गच्चीवर, स्वच्छ पंचावर, ओळीनं, शेजारी कोकमं. "ओल्या होत्या म्हणून ऊन दाखवलं," आई म्हणाली. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि कडक ऊन हा त्याचा शत्रू. नशीब, तासभरच झाला होता आणि पांढरी बाजू वर होती. सगळ्या पुन्हा पडताळल्या, ठीक निघाल्या. आईला काही बोलले नाही. पंचा तिनं मुद्दाम धुतलेला घेतला होता.

आता लेबल टिकवायचं कसं? या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळणारी. नमुन्याच्या डिस्कवर चोवीस तासांनी पाण्याचा एक थेंब सोडला. काळ्या 'गुहागर'च्या 'ग'भोवती जांभळट कडं उमटलं, पसरलं, आणि बोट फिरवल्यावर ते अक्षर राखाडी झालं. आमच्या भागात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घामेजतात, तिथे घामट हाताचा एक अंगठा पुरेसा होता. उपाय म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रे आणला, साडेतीनशे रुपयांचा डबा. सप्टेंबरच्या शेवटी, पावसाची सर नुकती थांबलेली, अशा संध्याकाळी मागच्या पडवीत एका वाया जाणाऱ्या डिस्कवर मारला. डोळ्यांदेखत लेपावर दुधासारखी साय आली. आधी वाटलं डबा खराब. मग कळलं की दमट हवेत असंच होतं. लेपातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लेप पांढुरका होतो. म्हणजे कोकणात हे काम पावसाळ्यात करायचं नाही, एवढं साधं. थांबले. सर्वपित्री गेली, नवरात्र गेलं, दसऱ्यानंतरही एखादी सर येतच होती. मुदत ३१ ऑक्टोबर आणि मी रोज सकाळी आभाळ बघतेय, भात कापायला आल्यासारखी.

१७ ऑक्टोबरला कोरडं, तापलेलं ऊन पडलं. पडवीतल्या सावलीत जुनं वर्तमानपत्र अंथरलं. वाट्या पालथ्या घातल्या आणि प्रत्येकीवर एक डिस्क. वाटीचा तळ डिस्कपेक्षा लहान, त्यामुळे कड कागदाला टेकत नाही आणि खालून स्प्रे ओढला जात नाही. मधल्या भोकावर खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण, कारण ड्राइव्ह डिस्कला तिथेच पकडतो आणि तिथे लेप नको. हातभर अंतरावरून, हात चालता ठेवून, पातळ फवारा. पंधरा मिनिटं थांबून दुसरा. मग तिसरा. एकदाच जाड मारायचा मोह होतो, पण मग ओघळ येतात आणि द्रावण खाली झिरपायचं भय. तोंडाला मास्क लावा आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही पेटतं ठेवू नका. आणि खालच्या, वाचायच्या बाजूला थेंब गेलाच तर अ‍ॅसिटोननं, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं, पुसायला जाऊ नका. डिस्कचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिकार्बोनेट, त्यानं आंधळं होतं. असली डिस्क सरळ बाजूला काढा आणि नवी करा.

बत्तीस डिस्कना दोन दुपारी आणि दोन डबे लागले. नमुन्याची एक पूर्ण सुकल्यावर तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा बसून राहिला. फडक्यानं टिपला, अक्षर जागेवर. तेव्हा मी पडवीत एकटीच टाळ्या वाजवल्या, हे कुणाला सांगू नका.

दोन दिवस वास जाऊ दिला. मग एकेक डिस्क पुन्हा वाचून बघितली आणि कडक प्लास्टिकच्या डब्यांत घातली, पंधरा रुपयाला एक. मऊ प्लास्टिकचे पाकीट घेऊ नका, छापलेला भाग त्याला चिकटतो आणि उन्हाळ्यात तर हमखास. डबे आडवे रचायचे नाहीत, पुस्तकासारखे उभे ठेवायचे. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डिस्क, नमुने, रायटर, छपाई, स्प्रे आणि डबे मिळून ६,२८० रुपये झाले, प्रवास वेगळा. पाठ्यवृत्तीच्या हिशेबात यातला रायटर बसत नव्हता, तो खिशातून.

२४ ऑक्टोबरला पुण्यात जमा करायला गेले. या वेळी परिशिष्टाची प्रत बरोबर, प्रत्येक मुद्द्यासमोर पेन्सिलीनं टिकमार्क. टेबलावरच्या साहेबांनी डबा उघडला, डिस्क उन्हाकडे तिरकी धरली आणि लेबलावरून अंगठा फिरवला. माझा श्वास अडकला. अंगठ्याकडे बघून ते म्हणाले, "ही कुठून छापून घेतलीत?" मग तपासणीसाठी ड्राइव्ह हवा, तर कार्यालयातले सगळे संगणक नवे आणि एकालाही ड्राइव्ह नाही. तीन नंबरची डिस्क ज्याच्यावर नापास झाली तो जुना संगणक दुरुस्तीला गेलेला. माझा रायटर पिशवीत होता. तो जोडून सोळा डिस्क तिथेच वाचून दाखवल्या. दुपारचं जेवण राहिलं ते राहिलंच. तेव्हा तुम्ही गेलात तर रायटर घेऊनच जा, आणि पोचपावतीवर डिस्कची संख्या अंकांत आणि अक्षरांत लिहून घ्या.

पूर्तता प्रमाणपत्र १२ डिसेंबरला आलं, शेवटचा हप्ता जानेवारीत. वाचनालयाचा संच मी स्वतः नेऊन दिला आणि नोंदवहीत चढेपर्यंत तिथेच बसले. गाणाऱ्या आज्यांना मात्र त्यांच्या नातवांच्या फोनवर ओव्या पाठवल्या. डिस्क वाजवायला कुणाकडे काय आहे? एकीनं तरी माझा संच मागून बघितला. लेबल वाचता येत नव्हतं, नातीकडून वाचून घेतलं, आणि आपलं नाव कुठे आहे तिथे बोट ठेवून विचारलं, "हे पुसायचं नाही ना?" मी पाण्याचा थेंब टाकून दाखवला.

माझा संच आता दुसऱ्या मजल्यावर चुलत भावाकडे आहे. दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, चेकसम तपासायचा असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. अकरा कोऱ्या डिस्क उरल्यात. जवळपास कुणाला पाठ्यवृत्तीचा असाच प्रसंग आला तर न्या.

आणि परत आलेल्या त्या सोळा डिस्क शेजारच्या काकांनी मागून नेल्या. त्यांच्या परसात मिरचीवर चिमण्या येतात, म्हणून दोऱ्याला बांधून लटकवल्यात. वारा आला की सगळं परस लखलखतं. त्यांतली न वाचता येणारी तीन नंबरची कुठली ते आता सांगता येत नाही. लेबलं पहिल्या दोन सरींतच गळून पडली.